काल-परवाची इंग्रजी

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की मला इंग्रजी येतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी इंग्रजीत पत्रं लिहिली. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर डेटेड' अशी सुरुवात असलेलं माझं पत्र हातात पडलं की भल्याभल्या ठेकेदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. आता बोलायची वेळ तेवढी कधी आली नाही, हे मान्य. पण सोलापुरात इंग्रजी बोलायचं कुणाशी? मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत माणसाला पोटभर भांडता येतं. पाचवीची गरज काय?

ती गरज नातीनं उभी केली. माझा मुलगा अनीश आणि सूनबाई रेश्मा इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी असतात. त्यांची मुलगी आठ वर्षांची. नाव ठेवलंय ओवी, आणि मराठी कळतं 'जेवलीस का' एवढंच. त्यालाही उत्तर 'येस'. दर रविवारी आमच्या दुपारी तीनला त्यांचा फोन येतो. अनसूया होती तेव्हा ती मराठीत आणि ओवी इंग्रजीत, अशा दोघी अर्धा-अर्धा तास हसत बसायच्या. कशावर हसायच्या देव जाणे. मी मधे पडून भाषांतर करायला गेलो की दोघीही गप्प व्हायच्या.

अनसूया म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी गेली. झोपेतच. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलोय: "काल-परवापर्यंत ठणठणीत होती हो." डॉक्टरांनी विचारलं, त्रास किती दिवसांपासून होता, त्यांनाही हेच सांगितलं. आदल्याच दिवशी गड्ड्याच्या जत्रेतून लोखंडी तवा घेऊन आली होती. दुकानदाराशी वीस मिनिटं घासाघीस करून. आजारी माणूस तवा आणतो का? तो तवा अजून कागदातच आहे. मी डबा लावलाय, त्यामुळे त्याला काम नाही.

तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी फोन लागला. मी नेहमीप्रमाणे मोबाईल अशा बेतानं टेकवून ठेवला की माझ्या मागचा सत्काराचा फोटो त्यात यावा. परवाच्या डिसेंबरात ज्येष्ठ नागरिक संघानं 'आदर्श ज्येष्ठ नागरिक' म्हणून माझा सत्कार केला, त्याचा तो फोटो. शाल जरा आखूड होती, पण फोटोत कळत नाही. भाषण मी महिनाभर तयार करत होतो. सतरा मिनिटांचं झालं. अध्यक्ष मधेच उठून गेले, ते प्रकृतीच्या कारणानं.

ओवी म्हणाली, "आजोबा, आय हॅव अ प्रोजेक्ट." शाळेत म्हणे प्रत्येकानं घरातल्या एका माणसाचं आयुष्य एका लांब रेषेवर मांडायचं. कधी जन्म, कधी शाळा, कधी लग्न. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची आणि ते सगळं शाळेच्या भिंतीवर लागणार. तीन आठवड्यांची मुदत. ओवीनं माणूस निवडलं होतं: आजी.

माझा ऊर भरून आला, हे लपवत नाही. जन्मभर अनसूयेचं नाव रेशनकार्ड आणि गॅसबुक सोडून कुठं छापून आलं नव्हतं. माझं आलं होतं, दोनदा. म्हटलं, लीड्सच्या भिंतीवर बाईचं नाव लागतंय, तर ते व्यवस्थितच लागलं पाहिजे.

"व्हेन डिड यू मॅरी आजी?" ओवीनं विचारलं.

आता हा प्रश्न मला मराठीत कुणी विचारला असता, तर मी म्हणालो असतो, काल-परवा झाल्यासारखं वाटतंय गं. तेच मी इंग्रजीत म्हणालो. "यस्टर्डे. डे बिफोर यस्टर्डे."

ओवी खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "बट आजी इज डेड, आजोबा." मागून रेश्मा जोरात "ओवी!" म्हणाली.  मग ओवीच समजुतीच्या स्वरात म्हणाली की तारखा आठवत नसतील तर राहू दे, ती नानांचं करेल. नाना म्हणजे रेश्माचे वडील. पुण्याला असतात. तीन वेळा जर्मनीला जाऊन आलेत. मी मोजलेलं नाही, दर भेटीत तेच सांगतात.

"नो नाना," मी म्हणालो. "आय विल सबमिट."

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले ईश्वरप्पा आले. मूळचे अक्कलकोटकडचे, चादरींचं दुकान, आणि परदेशी गिऱ्हाईक आलं की इंग्रजी बोलण्याचा वीस वर्षांचा दांडगा अनुभव. त्यांना मी अडचण सांगितली.

"भाऊसाहेब, एवढंच की! मागची गोष्ट सांगायची न्हवं? शेवटी 'बॅक' लावून मोकळं व्हायचं. टू इयर बॅक. टेन इयर बॅक. लई सोपं हाय."

"पण वर्षं मोजायची कशी? मला सालच आठवत नाही."

"मग 'लाँग बॅक' म्हणा. गिऱ्हाईक विचारत न्हाई पुढं. मी धा वर्सं झाली सांगतोय, दिस डिझाइन लाँग बॅक. परवा छापलेली चादर असती ती."

ओवी गिऱ्हाईक नव्हती, म्हणून मी क्लास लावला. नवी पेठेत, एका जिन्यावर, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. शिकवणाऱ्या पूनम मॅडमचं वय चोवीस असेल. मी माझ्या चौतीस वर्षांच्या पत्रव्यवहाराची त्यांना कल्पना दिली. त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड काका, पहिल्या बाकावर बसा, पंखा आहे." बाकी वर्ग कॉलेजातल्या पोरांचा. अपवाद एकच, मायाक्का. मंगळवेढ्याकडची, पन्नाशीतली, आठवड्यातून दोनदा येष्टीनं यायची. तिच्या बचत गटाचा शेळीपालनाचा उद्योग बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते, आणि गटातल्या बायकांनी पाहुण्यांशी बोलायला हिलाच पुढं केलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर लिहिलं: यस्टर्डे, लास्ट वीक, लास्ट इयर, टेन इयर्स अगो. प्रत्येकानं उठून आपल्या आयुष्यातली एकेक गोष्ट सांगायची आणि ती कधी झाली तेही. मायाक्का उठली. पहिली शेळी घेतली, इथपर्यंत छान झालं.

"व्हेन?" मॅडम म्हणाल्या.

"माझा बिरुदेव जलमला त्या साली."

"तसं नाही मावशी, साल सांगा. किती वर्षांपूर्वी?"

"बाई, बिरुदेवाच्या आदुगर दोन पावसाळं कोरडं गेलं, मग त्यो जलमला, मग शेळी. आता तुमीच मोजा की."

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण पुढचा नंबर माझा होता. मी उठलो, कोटाची बटणं लावली आणि म्हणालो, "माय वाइफ मेड टी." मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड! व्हेन?" मला म्हणायचं होतं सकाळी. रोज सकाळी. पण फळ्यावर 'रोज' नव्हतं, तिथं सगळं होऊन गेलेलंच होतं. मी उभाच राहिलो. कुणीतरी मागून हळूच 'यस्टर्डे' म्हणून मदत केली. मी "द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन" म्हणून खाली बसलो. पुढं महिनाभर वर्गातली पोरं उत्तर आलं नाही की हेच वाक्य म्हणत होती. माझ्या देखत.

तारखा मिळवायच्या तर कागदावरून मिळवाव्यात, हा माझा खात्यातला शिरस्ता. म्हणून मी अक्कलकोटला अनसूयेच्या शाळेत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "प्रयोजन?"

"नातीचा शाळेचा प्रकल्प."

"म्हणजे शैक्षणिक. मग विद्यार्थिनीचं बोनाफाईड जोडा."

"ती इंग्लंडात शिकते."

"मग तिथल्या मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची प्रत आणा. आणि अर्जदार स्वतः हजर पाहिजे. अर्जदार कोण?"

"अर्ज माझ्या पत्नीच्या नोंदीसाठी आहे."

"मग त्यांना घेऊन या."

मी सांगितलं, ती नाही. कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. चांगला माणूस होता. "मग मृत्यूचा दाखला जोडा," म्हणाला. दाखला माझ्या पिशवीत होता. गेले चौदा महिने तो पिशवीतच असतो, कारण ती गेल्याचं दर ठिकाणी नव्यानं सिद्ध करावं लागतं. बँकेत तीनदा केलं, गॅसवाल्याकडं एकदा. खरं सांगायचं तर मला राग यायला हवा होता, पण चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मीही हेच बोलत आलो होतो. त्याच शब्दांत. मला त्याचा पुढं काढलेला खालचा ओठ सुद्धा ओळखीचा वाटला.

अडीच तासांनी रजिस्टर निघालं. जन्मतारीख एक जून. मी खूश झालो, कारण मला तेच माहीत होतं. लग्न झाल्यापासून मी दर एक जूनला अर्धा किलो श्रीखंड आणायचो आणि ती खायची. सहज वरची ओळ बघितली. एक जून. खालची ओळ, एक जून. पानभर सगळ्या पोरांचा जन्म एक जूनचा.

"गुरुजी तेव्हा तसंच लिहायचे की," कारकून म्हणाला. "शाळा जूनला सुरू, पोरगं वयात बसलं पाहिजे. खरी तारीख कुणाला ठाऊक असायची? माझी पण एक जूनच."

म्हणजे साल एकवेळ धरता येईल, दिवस गुरुजींच्या सोयीचा. तिच्या थोरल्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "मळ्यातल्या विहिरीला पाणी लागलं त्याच हप्त्यात अनसूया झाली." विहिरीला पाणी कधी लागलं? "अनसूया झाली तेव्हा." फोन ठेवला. येष्टीत बसायला जागा मिळाली नाही. उभ्यानं सोलापूरला येईपर्यंत एकच विचार मनात होता, की बेचाळीस वर्षं श्रीखंड खाताना ही बाई एकदाही बोलली कशी नाही.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर मी जिन्यातच बसलो होतो. रविवारी मुदत संपत होती. मायाक्का पायरीवर येऊन बसली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं सगळं. का सांगितलं कोण जाणे. ईश्वरप्पांना इतकं सांगितलं नव्हतं.

"सरकारात कशाला शोधताय सायेब," ती म्हणाली. "घरात बगा. लिवता येत हुतं न्हवं तुमच्या मालकिनीला? मग तिनं कुटंतरी लिवल्यालं असतंय. माझ्या म्हातारीला लिवता येत न्हवतं, तर चुलीमागं कोळशानं रेगा वडायची. बाईच्या जातीला ध्यान ठिवायला लागतंय सगळ्यांचं."

मला एकदम कॅलेंडर आठवलं. स्वयंपाकघरात भिंतीवर असायचं, त्याच्या चौकोनांत ती बारीक पेन्सिलीनं काही ना काही लिहायची. गॅस लावला, पापड केले, अमक्याचं बारसं. मी ते कधी वाचलं नव्हतं. तिथं वाचण्यासारखं काय असणार? आणि वर्ष संपलं की ती त्या कॅलेंडरची पानं फाडून डब्यांच्या फळीवर अंथरायची. जुनी काढायची नाही, वर नवीन घालायची.

शनिवारी सकाळी मी डबे खाली उतरवले. सगळे रिकामेच होते. फळीवर अकरा वर्षं होती, एकावर एक. वरचं वर्ष सोडवलं की खालचं निघायचं, तेलकट, हळदीचे डाग पडलेलं. मी जमिनीवर बसून वाचायला लागलो. लग्नाचा वाढदिवस सापडला, मे महिन्याच्या चौकोनात: 'लग्न. ३३ झाली.' वर्षं मोजून ठेवली होती बाईनं. अनीश इंग्लंडला गेला तो दिवस सापडला. 'ओवी हसली, फोनवर' सापडलं. आणि दर वर्षी, अकराही वर्षं, नऊ फेब्रुवारीच्या चौकोनात एकच अक्षर होतं: 'मी'.

नऊ फेब्रुवारी. त्या दिवशी आम्ही काय करत होतो, हे मी आठवायचा प्रयत्न केला. अकरापैकी एकही आठवली नाही.

पण तारखा तर मिळाल्या. मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि डबे परत ठेवायला उठलो. तेव्हा सगळ्यात वरच्या वर्षाचं एक पान राहिलंय हे लक्षात आलं. बाकी सगळी पानं तारखांची बाजू वर करून अंथरली होती. हे एकटं पालथं होतं, मागची पाककृतीची बाजू वर, ज्वारीच्या डब्याच्या बरोबर खाली. मी उलटं केलं. परवाचा डिसेंबर, ती जायच्या आधीचा.

'१२. गॅस लावला.' '१५. छातीत कळ.' '१९. परत. जिना चढताना.' '२१. ह्यांना सांगायचं.' '२२. ह्यांचं भाषण चाललंय. सत्कार झाल्यावर सांगू.' '२४. सत्कार. छान झाला. कळ.' '२८. सांगायचं. अनीशचा फोन आला, राहिलं.' '३१. नवीन कॅलेंडर आणलं.'

 ईश्वरप्पांनी बेल वाजवली, मी उठलो नाही. डॉक्टरांनी मला साधा प्रश्न विचारला होता आणि मी छाती पुढं काढून उत्तर दिलं होतं. महिनाभर मी रोज संध्याकाळी तिला समोर बसवून भाषण म्हणून दाखवत होतो, उभ्यानं, हातवारे करून. मधेच ती पदर छातीशी धरायची. मला वाटायचं, भाषण मनाला भिडतंय.

रविवारी तीनला फोन लागला. सत्काराचा फोटो मी सकाळीच काढून कपाटात पालथा ठेवला होता. ओवीनं वही उघडली, अनीशनं रेकॉर्डिंग लावलं. मागं सोफ्यावर रेश्मा. मी कोट घातला होता आणि हातात दोन पानं होती, पूनम मॅडमकडून शुक्रवारीच तपासून आणलेली, तारखांच्या जागा तेवढ्या शनिवारी भरलेली. सुरुवात चांगली झाली. जन्म नऊ फेब्रुवारी, हे मी ठासून सांगितलं. लग्न, इतके-इतके इयर्स अगो. अनीशचा जन्म. अनीश तर बघतच राहिला. "बाबा, हे सगळं तुम्हाला कधीपासून लक्षात राहायला लागलं?" म्हणाला. ओवी भराभर रेषेवर खुणा करत होती.

"अँड वॉज शी सिक, बिफोर शी डाइड?"

माझ्या कागदावर उत्तर होतं. 'शी वॉज नेव्हर इल.' मॅडमनी त्याच्यापुढं 'गुड' लिहिलं होतं. मी कागद खाली ठेवला.

"येस," मी म्हणालो. "फॉर फाइव्ह वीक्स."

अनीशनं झटकन वर बघितलं. "बाबा?" पण ओवीचा पुढचा प्रश्न आला होता. तिच्या यादीत नव्हता तो, तिचा तिनंच काढला.

"व्हेन डिड यू नो, आजोबा?"

"यस्टर्डे," मी म्हणालो.

ओवी खुदकन हसली. मोठ्या माणसासारखी मान हलवत, प्रेमानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नो, आजोबा! नॉट यस्टर्डे अगेन. यस्टर्डे इज ओन्ली वन डे अगो. यू मीन लास्ट इयर."

अनीश हसला नाही. तो माझ्याकडंच बघत होता.

तीस दिवसांच्या त्या क्लासात मी बोललेलं ते एकच वाक्य बिनचूक होतं. पण शाळेच्या भिंतीवर लागायचं होतं, आणि आठ वर्षांच्या मुलीला ते कुठल्या भाषेत समजावणार?

"येस, ओवी," मी म्हणालो. "लास्ट इयर."

तिनं खोडरबरानं 'यस्टर्डे' पुसलं आणि तसं लिहून घेतलं.